आसावरीचे दोन डाव

मदिनत खलीफा, दोहा
१९ एप्रिल २०२४

तीर्थरूप आबासाहेबांना दोह्याहून मिहीरचा नमस्कार.

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. आपल्यात पत्रव्यवहार असा कधी झालाच नाही. जे काही बोलणं व्हायचं ते आसावरीच्या तोंडून. ती वाट तुम्ही बंद केलीत, म्हणून आता मीच दारात येऊन उभा राहतोय. ऑफिसातला पियूष सुट्टीवर नाशिकला निघालाय, त्याच्या हाती हे पाठवतो. पोरगा सज्जन आहे, चहाला नाही म्हणणार नाही.

दर शुक्रवारी तुम्ही नातीशी, नुपूरशी फोनवर बोलता. तुम्ही मराठीत विचारता, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांचं छान चालतं. मागून आसावरीचा आवाज आला की मात्र तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता. नुपूरच्या ते लक्षात आलंय. हल्ली ती तुमचा फोन आला की गच्चीवर जाते, म्हणजे बोलणं लांबतं. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

आपल्या गौरीच्या लग्नात काय झालं ते मी उगाळत नाही. पंगतीत कुणीतरी तुमच्यापुढे मोबाइल धरला. गोव्याच्या कॅसिनोतला फोटो, हिरव्या टेबलाशी तुमची मुलगी, पुढ्यात चिप्सचा ढीग. तुम्ही एवढंच म्हणालात, "ज्यांना मी आयुष्यभर पिंजऱ्यात उभं केलं, त्यांच्यात माझी मुलगी बसली." आणि भरल्या ताटावरून उठलात. सेशन्स जज्ज म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला चारचौघांत तो फोटो बघावा लागला याचं वाईट मलाही वाटलं.  आसावरी परतीच्या विमानात दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

तर ईदच्या सुट्टीत आम्ही जॉर्जियाला फिरायला गेलो होतो, असं नुपूरने तुम्हाला सांगितलंय. ते अर्धं खरं आहे. आम्ही तिबिलिसीला गेलो, डोंगर पाहिले, चीज घातलेल्या गरम रोट्या खाल्ल्या. पण गेलो होतो ते एका पोकर स्पर्धेसाठी. आसावरी खेळायला आणि मी पहिल्यांदाच बघायला. शेजारच्या अफशांकडे नुपूरला ठेवलं. अफशां हैदराबादची, पाच वेळा नमाज पढणारी. म्हणाली, "बच्ची की फिकर नक्को करो भाईसाब. बस वहाँ क्या खेलते वो मेरेकू नक्को बताओ."

इथे कतारमध्ये पत्त्यांवर पैसा लावणं गुन्हा आहे, आणि तो नियम आसावरी काटेकोर पाळते. इथे ती कुणाशीच खेळत नाही. सकाळी प्लांटवर जाते. तिचं कामच मुळी कुठे काय बिघडू शकतं याचा अंदाज बांधण्याचं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर चौघांची पानं वाटते आणि चौघांच्या वतीने एकटीच खेळते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नुपूर गणितं सोडवते. इतकी वर्षं मी हेच पाहत आलो. एखादी बाई भरतकाम करते तसं.

तिबिलिसीत काउंटरवरच्या मुलाने माझ्यापुढे हात केला, "सर, युअर पासपोर्ट?" आसावरीने आपला पासपोर्ट पुढे सरकवला. म्हणाली, "खेळणार मी आहे." त्याने मग मला मोठ्या अदबीने कोपऱ्यातला सोफा दाखवला. पण मी सोफ्यावर बसलो नाही. प्रेक्षकांसाठी एक जाड दोरी बांधलेली असते, तिच्यामागे जाऊन उभा राहिलो.

खेळ असा. प्रत्येकाला दोन पानं पालथी. मधे एकेक करत पाच पानं उताणी, ती सगळ्यांची सामायिक. आपली दोन आणि मधली पाच मिळून ज्याचा संच भारी, तो जिंकला. पण बहुतेक डाव तिथवर पोचतच नाहीत. एकजण चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, पुढे सरकवतो, बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतात, आणि पानं टाकून देतात.

आसावरीही टाकतच होती. दोन पानांचे कोपरे उचलून बघायची आणि परत द्यायची. सबंध सकाळ. मला वाटलं, ही घाबरली. चहाच्या सुट्टीत मी विचारलं, "अगं, तू खेळत का नाहीयेस?"

"खेळतेच आहे की," ती म्हणाली. "तुला दिसत नाहीये."

तिच्या टेबलावर दिल्लीचा एक तरुण होता, कानात हेडफोन, डोळ्यावर काळा चष्मा. त्याचा धीर सुटला. म्हणाला, "आंटीजी, आप को तो कोई जल्दी ही नहीं है!"

आसावरीने मान वर केली. "नहीं बेटा. आप को है?"

टेबल हसलं. पुढच्याच डावात त्याने सगळ्या चिप्स रागाने पुढे ढकलल्या. आसावरीने या खेपेला पानं टाकली नाहीत. तो हेडफोन गळ्यात अडकवून माझ्या शेजारून निघून गेला तेव्हा ती त्याच्या चिप्स रचत होती, कपाटात टॉवेल रचते तशा, कडेला कड लावून.

आबासाहेब, मी संसारातली आसावरी जाणतो. भाजीवाल्याशी घासाघीस न करणारी, भांडण झालं की गप्प बसणारी. ती त्या टेबलाशी तीच होती. पण तिचं ते गप्प बसणं काय ताकदीचं आहे, ते मला दोरीमागे उभं राहिल्यावर कळलं.

हे पत्र मी लिहितोय हे तिला माहीत नाही. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. वाचलंत तरी पुरे.

तुमचा
मिहीर


मदिनत खलीफा, दोहा
१० मे २०२४

तीर्थरूप आबासाहेब, नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही, पण पियूष परत आला. त्याने सगळं सांगितलं. तुम्ही त्याला बसवलंत, चहा दिलात, दोह्याच्या उन्हाची चौकशी केलीत. पाकीट त्याच्यासमोर उघडलं नाहीत, पण टेबलावरही ठेवलं नाहीत. वाचत होतात त्या पुस्तकात घातलंत. मी एवढ्याचाच आधार घेऊन पुन्हा लिहितोय. या खेपेला पोस्टाने.

आता स्पर्धेच्या शेवटच्या दिवसाचं सांगतो.

शेवटच्या टेबलावर नऊजण उरले, दुपारपर्यंत सहा. बाई एकच. साधा सुती कुडता, केस मागे बांधलेले, शेजारी पाण्याची बाटली. तिच्या समोर अंकाराचा एक म्हातारा बसला होता. निवृत्त दंतवैद्य. पांढरेशुभ्र केस, इस्त्रीचा निळा शर्ट, कॉलर जरा वाकडी झाली की नीट करायची सवय. खेळायचा धीट, आणि हरणाऱ्याशीही गोड बोलायचा. मला तो आवडला होता.

त्या डावात आसावरीकडे राजा आणि नव्वा होता. मधे पहिली तीन पानं उघडली, त्यात बदामाचा राजा, किलवरचा नव्वा आणि बदामाची सत्ती. म्हणजे तिच्या दोन जोड्या झाल्या. म्हाताऱ्याने क्षणभर विचार केला आणि होत्या तेवढ्या चिप्स पुढे सारल्या. आसावरीने मान्य केलं आणि तेवढ्याच चिप्स लावल्या. असं झालं की दोघांना पानं उलगडून ठेवावी लागतात. म्हाताऱ्याकडे बदामाची पंजी आणि बदामाची चौकी. मधले दोन बदाम धरून चार झाले. आणखी एक बदाम आला तर तो जिंकला, नाहीतर घरी.

सगळे उभे राहिले. सगळ्यांचे डोळे बदामाकडे. चौथं पान आलं इस्पिकची छक्की. कुणीतरी सुस्कारा टाकला. पाचवं आलं किलवरची तिर्री.

बदाम आला नाही.

म्हातारा हसला. टेबलावर दोन बोटं वाजवली, "गुड लक, मॅडम," म्हणाला आणि खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पानं वाटणारी मुलगी नवखी असावी; तिने चिप्सचा तो मोठा ढीग दोन्ही हातांनी आसावरीकडे ढकलायला सुरुवात केली. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"थांबा," आसावरी म्हणाली.

मुलगी थांबली.

"त्यांची पानं बघा. तिर्री, चौकी, पंजी, छक्की, सत्ती. ओळीने पाच आहेत. माझ्या दोन जोड्यांपेक्षा ते भारी आहे. डाव त्यांचा."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग सगळे वाकून बघायला लागले. अख्खं टेबल, सगळे प्रेक्षक, तो म्हातारा स्वतःसुद्धा, बदाम येतोय का एवढंच बघत राहिले होते, आणि बाकीची पानं गुपचूप ओळीने येऊन बसली होती. पानं गोळा होऊन पुढचा डाव वाटला गेला असता तर विषय संपला होता. मुख्य पंच आला, त्याने पानांकडे एकदा पाहिलं आणि ढिगाकडे बोट दाखवून म्हाताऱ्याला म्हणाला, "सर, प्लीज सिट डाउन."

म्हातारा एक हात कोटाच्या बाहीत घातलेल्या स्थितीत तसाच उभा होता.

आसावरीच्या शेजारचा माणूस पुटपुटला, "गप्प बसली असतीस तर कोणाच्या बापाला कळलं असतं?" ती त्याच्याकडे वळली. "मला कळलं होतं ना," म्हणाली. आवाजात मोठेपणा वगैरे काही नव्हता. पंखा बंद करायला सांगावं तसं. मग तिच्यापुढे उरलेल्या मूठभर चिप्स तिने पुन्हा कडेला कड लावून रचल्या.

मी सांगतो तुम्हाला, मी गप्प बसलो असतो की नाही ते मला आजही माहीत नाही. तिचा हात वर जाताना मी बघितला, त्यात कचरणं नव्हतं. ते ती कुठून घेऊन आली, हे मी तुम्हाला काय सांगावं.

तुमचा
मिहीर


मदिनत खलीफा, दोहा
३१ मे २०२४

तीर्थरूप आबासाहेब, नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर मिळालं. चार ओळींचं असलं तरी मिळालं. "प्रामाणिक माणूस अड्ड्यावर बसला म्हणून अड्डा पवित्र होत नाही. दारू गाळणाराही वजनमापात चोख असू शकतो. तिने केलं ते कुणीही सभ्य माणसाने केलंच पाहिजे. त्याचं कौतुक मला सांगू नका." हे मी गाडीतच दोनदा वाचलं. तुमच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलांची मला दया आली.

पुढचं संकट असं की ते पाकीट गाडीतच राहिलं आणि आसावरीला सापडलं. अक्षर तिने लांबूनच ओळखलं असणार. मी घरात आलो तर ती पत्र हातात घेऊन उभी. तिने ते वाचलं होतं.

"तुला कुणी सांगितली होती वकिली करायला?"

"कुणी नाही."

"काय काय लिहिलंस?"

मी सांगितलं. म्हाताऱ्याला पानं दाखवून दिलीस ते. ती ऐकत राहिली आणि मग भडकली. मी तिला इतकी चिडलेली क्वचितच पाहिली आहे. "म्हणजे आबांना वाटणार मी तिथे देवमाणूस बनून बसते! मिहीर, मला साधूपणावर माफी नकोय. मी त्या खेळात लोकांना फसवते. समोर बसून, डोळ्यांत बघून फसवते, आणि ते मला फार छान जमतं. लिहायचंच असेल तर ते लिही. तो दुसरा डाव लिही."

नुपूर खोलीतून डोकावली. "आर यू गाइज फायटिंग?"

"नाही," आसावरी म्हणाली. "बाबा आजोबांना पत्र लिहितायत."

तर तिच्या हुकुमावरून दुसरा डाव लिहितो. आवडला नाही तर दोष तिला द्या.

त्या मूठभर चिप्सवर ती संपणार असं सगळ्यांना वाटलं होतं. पण तिने पुन्हा तेच केलं. टाकत राहिली, वाट पाहत राहिली. दोनदा योग्य वेळी सगळं लावलं, दोनदा दुप्पट झालं. इकडे दोघं बाद झाले. चौघं उरले, त्यात ती आणि तो म्हातारा. मधे चहाची सुट्टी झाली. म्हातारा स्वतः तिच्यासाठी चहा घेऊन आला. मी जवळच होतो. म्हणाला, "माझी नात येतेय आज संध्याकाळच्या विमानाने. तिने मला कधी खेळताना पाहिलेलं नाही. ती दारातून आत येईल तेव्हा मी खुर्चीवर बसलेला असावा, एवढीच इच्छा आहे. जिंकलो नाही तरी चालेल." आणि कॉलर नीट केली. आसावरी हसली, चहाबद्दल आभार मानले.

सुट्टीनंतर थोड्याच वेळात तो डाव आला. आसावरीकडे इस्पिकचा एक्का आणि जोडीला एक कुचकामी चौकट. मधल्या पाच पानांत तिच्या उपयोगाचं काहीच आलं नाही, फक्त शेवटचं पान इस्पिकचं आलं आणि मधे तीन इस्पिक झाले. ज्याच्या हातात दोन इस्पिक, त्याची पाच इस्पिकं पुरी, तो जिंकला. तिच्या हातात एकच होतं. म्हणजे काहीच नव्हतं.

तिने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या.

सांगायचं म्हणजे, दोरीमागून मला तिची पानं दिसत नव्हती. मला वाटलं, आला हिचा डाव. इतकी ती शांत होती. खरं काय ते तिने नंतर सांगितलं.

 म्हाताऱ्याने आपली पानं पुन्हा उचलून बघितली. सबंध दिवसात त्याने पानं दुसऱ्यांदा बघितलेली मी पाहिली नव्हती. मग आसावरीकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती, ना हसरी, ना रागीट. तुम्ही लहानपणी तिला पाढे म्हणायला उभं करायचात म्हणे, तेव्हा अशीच दिसत असेल. नंतर त्याने मान वळवली आणि दाराकडे पाहिलं. आणि पानं टाकली.

टाकताना त्याने ती सगळ्यांना दाखवली. दोन जोड्या, राजांची आणि राण्यांची. त्याच्याकडे सरळ सरळ जिंकणारा डाव होता.

"मॅडम, होते का तुमच्याकडे इस्पिक?" त्याने विचारलं.

आसावरीने चिप्स ओढून घेतल्या आणि म्हणाली, "तुम्ही आणलेला चहा फार चांगला होता."

तो मोठ्याने हसला.

हॉटेलच्या लिफ्टमध्ये तिने मला खरं सांगितलं. "इस्पिकचा एक्का माझ्याकडे होता, म्हणजे त्याच्याकडे सगळ्यात भारी संच असूच शकत नव्हता. आणि त्याला आज बाद व्हायचं नव्हतं. पानं त्याची चांगली होती रे, पण त्याला खुर्ची हवी होती."

आबासाहेब, आता तुम्ही म्हणाल, ज्याला दुपारी न्याय दिला त्यालाच संध्याकाळी फसवलं. हो. आणि मला दोन्हीचा सारखाच अभिमान वाटला, हे मी लपवत नाही. दुपारी जे होतं ते त्याचं होतं, म्हणून तिने त्याला दिलं. संध्याकाळी जे होतं ते कुणाचंच नव्हतं, ते तिने मिळवलं. माझ्या इंजिनिअर डोक्याला एवढंच मांडता येतं.

स्पर्धा शेवटी कोण जिंकलं, आसावरीचं काय झालं, ते मी मुद्दाम लिहीत नाही. ते तिचं तिने सांगायचं आहे. शुक्रवारी ती दुपारी घरी असते.

तुमचा
मिहीर


मदिनत खलीफा, दोहा
१४ जून २०२४

तीर्थरूप आबासाहेब, नमस्कार.

आज दुपारी फोनच्या त्या टोकाला काय होतं ते तुम्हाला ठाऊक. या टोकाचं तुम्हाला दिसलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

बाहेर पंचेचाळीस अंश. एसी जीव खाऊन चाललेला. आसावरी स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. फोन नुपूरने उचलला. नेहमीसारखी गच्चीकडे निघाली, आणि जिन्यातच थांबली. "शुअर आजोबा... आर यू शुअर?" मग आत येऊन म्हणाली, "आई, ही वॉन्ट्स यू."

आसावरीच्या दोन्ही हातांना कणीक. नुपूरने फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला, त्यामुळे तुमचं बोलणं आम्ही तिघांनीही ऐकलं. ते तुम्हाला माहीत नव्हतं.

"आसावरी."

"आबा."

मला वाटलं, आता तब्येत विचाराल, हवापाणी विचाराल. तुम्ही थेट विषयात शिरलात. "तू केलंस ते बरोबर नाही. त्या म्हाताऱ्याने विश्वासाने मनातली गोष्ट सांगितली आणि तू तिचाच वापर केलास. हे खेळाच्या नियमात बसत असेल. माणुसकीत बसत नाही."

आसावरीने लाटणं खाली ठेवलं. इतके महिने ज्या आवाजाची वाट पाहिली तो आला होता, आणि तो रागावलेला होता. मी म्हटलं आता ही रडणार.

ती म्हणाली, "विश्वासाने नाही, आबा. ती नात त्याने सकाळी माझ्या शेजारच्याला सांगितली. मग पलीकडे बसलेल्याला. मग आणखी एकाला. चहाच्या सुट्टीत माझी पाळी आली."

 नुपूरने फोन कट झाला का म्हणून वाकून पाहिलं.

"म्हणजे कुणी त्याला बाद करू नये म्हणून?" तुम्ही विचारलंत.

"हो."

आणि मग तुम्ही हसलात. दबकं, नाकातून. "माझ्यासमोर एक यायचा. दर तारखेला त्याची आई अत्यवस्थ. तीन वर्षं अत्यवस्थ होती."

"पण आबा, यातली गंमत ऐका ना. त्याची नात खरी होती."

"कशावरून?"

"तिचं नाव काढलं की दर वेळी कॉलर नीट करायचा. जसं काही ती आत्ता येऊन बघणार आहे. नात खोटी असती तर मी सगळं लावलंच नसतं. खोट्या नातीसाठी कोण जिंकणारी पानं टाकतं?"

"हं," तुम्ही म्हणालात. "हं. हे मला सुचलं नसतं." मग विचारलंत, "आली का ती शेवटी?"

"आली. आठ-नऊ वर्षांची असेल. दोरीच्या खालून डोकं घालून उभी होती."

"आणि तो होता खुर्चीवर?"

"होता. मी गुलामांच्या जोडीवर सगळं लावलं, त्याच्याकडे एक्का होता, आणि शेवटच्या पानाला दुसरा एक्का आला. पोरीने टाळ्या वाजवल्या. तो तिला गप्प करत होता. मी म्हटलं वाजवू दे."

"म्हणजे तू हरलीस?"

"तिसरी आले, आबा."

"त्याच्याकडूनच."

"त्याच्याकडूनच. मी काहीच चुकले नव्हते. पान आलं, संपलं. खलास."

आसावरी बोलत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. कणकेचे हात हवेत तसेच, कपाळावर घाम, आणि चेहरा असा, की मी तो तिबिलिसीतही पाहिला नव्हता. तिथे ती भिंतीसारखी असते. इथे सगळं दिसत होतं.

"खेळ मला मान्य नाही," तुम्ही म्हणालात.

"माहीत आहे."

"मान्य होणारही नाही."

"बरं."

"उद्या याच वेळेला फोन कर. पहिल्या डावापासून सगळं नीट सांग. मिहीरला धड सांगता येत नाही, निम्मं माझ्या लक्षातच आलं नाही."

आबासाहेब, हे मी मान खाली घालून ऐकलं, आणि आयुष्यात कुठल्याही शेऱ्याने मला इतका आनंद झालेला नाही. तेव्हा आता पत्रं पुरेत. बोलणारे दोघं समर्थ आहेत.

फोन बंद झाला. आसावरी ओट्याला टेकून उभी राहिली. तव्यावरच्या पोळीतून धूर यायला लागला होता.

"आई," नुपूर म्हणाली, "यू आर बर्निंग इट."

"जळू दे," आसावरी म्हणाली.

तुमचा
मिहीर